तांब्यावरचं भांडं

वडील, म्हणजे आबा, गेल्यावर तांब्या कुणाकडे द्यायचा, हा प्रश्न दिवाळीत निघाला होता आणि मानसिंगनं तो पाच मिनिटांत सोडवला होता. घरात वयानं सगळ्यांत मोठी काकी, म्हणून तांब्या काकीकडे. बनुबाईंच्या हातात तो पितळी तांब्या देतानाचा फोटो त्यानं स्वतः फेसबुकवर टाकला आणि वर 'स्त्रीशक्तीचा सन्मान' असं लिहिलं. चार हजार लोकांना तो आवडला. यात काही धोका आहे असं त्या चार हजारांपैकी कुणीच कळवलं नाही.

तांब्याची रीत थोरल्या आजोबांपासूनची. जमीन विकणं, विहीर पाडणं, कुणाला फौजेत धाडणं, असं काही मोठं ठरवायचं असलं की घरातल्या कर्त्या पुरुषांना एकेक अख्खी सुपारी आणि एकेक फोडलेलं खांड मिळे. होकार असेल त्यानं अख्खी तांब्यात टाकायची, नकार असेल त्यानं खांड. मूठ तांब्याच्या तोंडात घालून टाकायची, म्हणजे काय टाकलं ते दिसत नाही. उरलेलं खिशात. मग तांब्यावर पाणी प्यायचं भांडं उपडं घालायचं, आणि घरातल्या वडील माणसानं ते उचलून सुपाऱ्या पाटावर ओतायच्या. भांडं उचललं की निर्णय झाला. तोवर झाला नाही. भांडं उचलेपर्यंत कुणी सुपारी चघळायची नाही, असाही एक नियम होता. पूर्वी एका धाकट्या चुलत्यानं उरलेलं खांड लगेच तोंडात टाकलं होतं आणि त्याचं मत साऱ्या घराला कळलं होतं. तो पुढं लोणंदला राहायला गेला.

एके काळी तांब्यात सतरा सुपाऱ्या पडत. वाटण्या झाल्या, माणसं पांगली, आता तीनच पडत. थोरला भाऊ जयराज, जो फौजेतून सुभेदार होऊन परतला होता. मग आमदार मानसिंग. आणि मानसिंगचा मुलगा ऋषिराज. बायकांना सुपारी नव्हती. बनुबाईंच्या नवऱ्याला, हणमंतकाकाला होती. तो एकाहत्तरच्या लढाईत कामी आला. त्याचं तेरावं झाल्यावर जी पहिली बैठक झाली, तीत त्याची सुपारी कमी करण्यात आली. त्या घरात आता पुरुष नाही, एवढंच कारण देण्यात आलं. बनुबाईंना तेव्हा विसावं चालू होतं. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून होत्या. पुढच्या प्रत्येक बैठकीला त्या तिथंच बसत आल्या. घर पाडून बंगला बांधला तेव्हा उंबरा नवा झाला, बसणं तेच राहिलं.

आणि आता एकाच आठवड्यात घरात दोन कागद आले.

पहिला जिल्ह्याच्या कचेरीतून. रविवारी साताऱ्याला शहीद जवानांच्या स्मारकाचं उद्घाटन माननीय राज्यपालांच्या हस्ते होणार होतं, आणि वीरपत्नी श्रीमती बनुबाई यांचा व्यासपीठावर सत्कार होणार होता. आसन क्रमांक चार. दुसरा कागद पक्षाचा. रविवारच्या कार्यक्रमावर पक्षाच्या सर्व आमदारांचा बहिष्कार. आमदारांच्या कुटुंबीयांनीही सहभागी होऊ नये.

बहिष्काराचं कारण मानसिंगच होता. सहकारी साखर कारखान्यांच्या मतदार याद्यांतून, पाच वर्षं ऊस घातला नाही म्हणून, हजारो सभासदांची नावं गेली होती. त्यांत निम्म्या विधवा, बनुबाईही त्यांतल्याच. त्यांचं मत परत देणारं विधेयक मानसिंगनं मांडलं, दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं आणि सहीसाठी राजभवनात पाठवलं. त्याला सात महिने झाले. राज्यपालांनी सही केली नाही, नाही असंही म्हटलं नाही. विचारलं की अभ्यास सुरू आहे असं पत्र येई. आमदार राज्यपालांच्या भाषणातून उठून गेले, विधानभवनाच्या पायऱ्यांवर बसले. तिथं मानसिंग घसा बसेपर्यंत ओरडला होता. "लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी ठरवायचं आणि एका माणसानं त्यावर बसून राहायचं, ही कुठली लोकशाही?" ती चित्रफीत दोन लाख लोकांनी पाहिली. बनुबाईंनीही पाहिली. क्रांतीनं, म्हणजे मानसिंगच्या मुलीनं, सांगलीहून त्यांच्या मोबाइलवर पाठवली होती. ती तिथं वकिली करत असे आणि वडिलांची भाषणं मुद्दे तपासण्यासाठी ऐकत असे.

शुक्रवारी सकाळी बैठक बसली. प्रश्न एकच होता, काकीनं रविवारी जावं का?

मानसिंगनं दहा मिनिटं प्रास्ताविक केलं. तीन माणसांच्या बैठकीत ते जरा लांबलं. काकीचा मान आपल्याला ठाऊक आहे, पण ज्या हातानं काकीचं मत अडवून धरलंय त्याच हातून शाल घ्यायची का, असा त्याचा सवाल होता. ऋषिराजनं बापाच्या वर आवाज चढवला. आजी स्टेजवर दिसली तर उद्या विरोधक काय म्हणतील, जायचंच नाही, यावर चर्चा कशाला? जयराज खिडकीतून ऊसतोडीच्या ट्रॉल्या बघत होता. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, काय बोलायचं ते सुपारी बोलेल.

क्रांती आदल्या दिवशीच आली होती. ती मंगलजवळ, आईजवळ, स्वयंपाकघरात उभी होती. बनुबाई उंबऱ्यावर डोळे मिटून बसल्या होत्या. मानसिंगला वाटलं, डुलकी लागली.

"मला बी जरा बोलायचंय," डोळे न उघडता त्या म्हणाल्या.

"बोला की, काकी."

"दगडावर त्येचं नाव कोरलंय म्हनं. मला त्ये बगायचंय. पन्नास वर्सं झाली, नुस्तं पेन्शनच्या कागदावर बगतीया." मग थोडं थांबून, "पर मी जायाचं का न्हाई, ह्येची सुपारी तुमी तिघं टाकनार. माजी कुटं हाय?"

सुपाऱ्या टाकल्या गेल्या. वडील म्हणून आधी जयराज, मग मानसिंग, मग ऋषिराज. मानसिंगनं खांड टाकलं. त्याला फार बरं वाटलं असं नाही, पण पक्षाचा आदेश होता, आणि तिन्ही खांडं पडणार याची त्याला खात्री होती. त्यानं स्वतःच भांडं उपडं घातलं आणि तांब्या काकीपुढं सरकवला. आबांना भांडं उचलायला चाळीस वर्षांत कधी घोटभर पाणी प्यायला लागतो त्याहून जास्त वेळ लागला नव्हता.

बनुबाईंनी तांब्या मांडीवर घेतला, गुडघ्यावर हात रेटून उठल्या आणि तांब्या घेऊन आपल्या खोलीत गेल्या.

मानसिंग पाठोपाठ गेला. तांब्या फळीवर, हणमंतकाकाच्या गणवेशातल्या फोटोशेजारी ठेवलेला होता.

"काकी, भांडं ऱ्हायलं उचलायचं."

"उचलते की."

"कवा?"

"बगू. आदी आभ्यास करते."

तो शब्द मानसिंगला ओळखीचा वाटला. राजभवनाच्या पत्रात तो दोनदा आला होता.

"काकी, ह्यात आभ्यास कसला? तीन सुपाऱ्या हायत."

"मी न्हाई कुटं म्हनतीया? तुमी ठरवलंय, ऱ्हाऊ दे ठरवलेलं. हितं लय जपून ठेवलंय बग." आणि त्यांनी तांब्यावरची धूळ पदरानं पुसली. धूळ नव्हती.

मानसिंग बाहेर आला तो थेट क्रांतीकडे. भांडं न उचलता निर्णय धरता येईल का, असं त्यानं तिला विचारलं. विचारताना आवाज कामकाजाचा ठेवला. क्रांतीनंही वकिलासारखंच सांगितलं. भांडं उचलल्याशिवाय निर्णय नाही, हे त्यांच्याच घरातलं जुनं तत्त्व. किती दिवसांत उचलायचं, याची मुदत थोरल्या आजोबांनी घातलेली नाही. राज्यघटनेतही 'शक्य तितक्या लवकर' एवढंच आहे, आणि शक्य किती ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

"तू कुणाच्या बाजूची हायस?"

"मला सुपारीच नाही, पप्पा. बाजू घेऊन काय करू?"

शनिवारी घराची तब्येत बिघडली. भांडं उचललं नाही म्हणून सुपारी बंद, आणि जयराजला फौजेपासून तासाला एक लागायची. दुपारपर्यंत तो गड्यावर दोनदा आणि जर्सी गाईवर एकदा खेकसला. तो काकीच्या दारात जाऊन उभा राहिला, तसाच परत आला आणि मानसिंगला म्हणाला, "म्हातारीशी बोल रं. लढाईत बी येवडा तरास न्हवता." ऋषिराज मात्र गप्प होता. एरवी दिवसातून चार वेळा निवडणुकीचा विषय काढणारा हा मुलगा सकाळपासून मोबाइलवर क्रिकेट बघत होता.

पक्षाच्या जिल्हाध्यक्षांचा फोन आला. घरचा निर्णय झाला का? मानसिंग म्हणाला, झालाय, फक्त जाहीर व्हायचा आहे.

जेवणानंतर बनुबाईंनी त्याला बोलावलं. अट सांगितली. घरातल्या बायांना सुपारी द्या. मला, मंगलला, क्रांतीला. तसं ठरवलं की लगेच भांडं उचलते.

मानसिंगनं मनात गणित केलं. तीन आणि तीन सहा. पुढच्या महिन्यात आष्ट्याच्या रस्त्याकडची जमीन कारखान्याच्या पंपाला द्यायची, हा विषय यायचा होता. मंगलला तो पसंत नव्हता. तीन सुपाऱ्यांत काय होणार हे त्याला कळत असे. सहांत कळलं नसतं. म्हणून तो म्हणाला की ही थोरल्या आजोबांची रीत आहे, ती मोडायची तर नीट विचार करायला हवा, भावकीतल्या जाणत्यांना विचारायला हवं.

"त्यो मुंबईतला मानूस बी आसंच सांगत आसंल न्हवं?"

"काकी, तुमच्या मतासाठीच मी तितं भांडतोय. पायऱ्यांवर बसलो, घसा फुटला माजा."

"कारखान्यातलं माजं मत कशानं गेलं?"

"पाच वर्सं ऊस घातला न्हाई म्हनून."

"माज्या तीन एकरात काय पेरतायसा मग? हरभरा?"

काकीच्या तीन एकरांतला ऊस गेली बावीस वर्षं मानसिंगच्याच नावानं कारखान्याला जात होता. एकत्र तोड पडते, एकच नाव बरं पडतं, असं आबांनी ठरवलं होतं आणि त्या निर्णयाचं भांडं ताबडतोब उचललं होतं. विधेयकावर सभागृहात तो पाऊण तास बोलला, पण हा मुद्दा मांडायचा राहून गेला होता.

"जा आता," बनुबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी लौकर निगायचंय मला."

"म्हंजे तुमी जानार?"

"जाऊ नको आसं कुनी ठरवलंय? भांडं तर झाकलेलं हाय."

रविवारी सकाळी घरातून दोन गाड्या निघाल्या. पुढच्या गाडीत क्रांती आणि बनुबाई. बनुबाईंनी लग्नातलं डोरलं घातलं होतं, नव्या लुगड्याची घडी मोडली होती. मागच्या गाडीत मानसिंग, काळ्या फितींचा पुडा मांडीवर घेऊन. महामार्गावर उंब्रजपाशी त्यानं ड्रायव्हरला पुढची गाडी गाठ म्हणून सांगितलं, आणि गाठल्यावर मागंच राहू दे म्हणून सांगितलं.

मैदानाबाहेर अकरा आमदार जमले होते. पोलिसांनी कार्यकर्त्यांना उन्हात अडवलं आणि आमदारांना झाडाच्या सावलीत. सगळ्यांनी फिती बांधल्या, घोषणा दिल्या, मग चहा आला. तिथून व्यासपीठ दिसत नव्हतं. भोंगा मात्र नेमका त्याच झाडाला बांधलेला होता.

एका वार्ताहरानं मानसिंगपुढं माइक धरला. आपल्या काकी व्यासपीठावर आहेत, हे खरं का?

"आमच्या घरात लोकशाही आहे," मानसिंग म्हणाला.

"मग घराचा निर्णय काय झाला?"

"प्रलंबित आहे."

वार्ताहरानं ते लिहून घेतलं आणि पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली.

भोंग्यातून नावं वाचली जाऊ लागली. हणमंतकाकाचं नाव आलं तेव्हा मानसिंगनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. त्याच्या मांडीवर बसल्याची एक अर्धवट आठवण त्याला होती, ती खरी की ऐकलेली हे त्याला कधी ठरवता आलं नव्हतं. मग वीरपत्नी श्रीमती बनुबाई. टाळ्या वाजल्या. राज्यपाल हिंदीत काही बोलले, आणि माइकजवळूनच काकीचा आवाज आला. घरात यायचा तसाच.

"सायब, त्ये कागद वाचून झालं का?"

एका अधिकाऱ्याचा मऊ आवाज आला, "माताजी आपको आशीर्वाद दे रही हैं."

"न्हाई, न्हाई. वो नहीं बोली मैं." फौजी माणसाची बायको, हिंदी थोडी होती आणि ती आज बाहेर निघाली. "कागज बोली. मत का कागज. सही, सही."

मैदानात कुठंतरी हसू फुटलं आणि पसरत गेलं. झाडाखालचे अकराही आमदार भोंग्याकडे मान वर करून बघत होते. राज्यपालही हसले असावेत. ते नम्रपणे म्हणाले, "माताजी, अध्ययन चल रहा है."

"चलने दो. सावकास," बनुबाई म्हणाल्या. "मैं भी घर में वही करती."

टाळ्या पुन्हा वाजल्या. जिल्हाध्यक्ष मानसिंगकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही ठरवता येत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "सात महिन्यांत एवढं आपल्यापैकी कुणाला विचारता आलं नाही." ही शाबासकी की कानउघाडणी, हे मानसिंगला परतीच्या वाटेवरही कळलं नाही.

दिवेलागणीला बनुबाईंनी त्याला एकट्याला खोलीत बोलावलं. सत्काराची शाल खुर्चीच्या पाठीवर होती. पाट मांडलेला होता.

"दार लोट," त्या म्हणाल्या, आणि भांडं उचललं.

पाटावर दोन अख्ख्या सुपाऱ्या घरंगळल्या. तिसरं खांड होतं.

मानसिंगनं तांब्या उपडा करून आत पाहिलं. आणखी काही नव्हतं. घरात खांड टाकणारा तो एकटाच होता. दादा, जो काही बोलला नाही. आणि ऋषी, जो बापापेक्षा मोठ्यानं बोलला.

"तुमाला ठावं हुतं?"

"उंबऱ्यावर बसून आन दुसरं काय केलं मी? आख्खी पडली की ठन्न वाजती. खांड टिक करतंय. शुक्रवारी पैली ठन्न, मदली टिक, शेवटची ठन्न."

"मग तवाच उचलायचं की, काकी. तुमच्याच बाजूनं हुतं. येवडं सगळं कशापायी?"

बनुबाईंनी सुपाऱ्या हातानं एका ओळीत लावल्या.

"उचललं आसतं तर तुमच्या मतानं गेली आसते. मला माज्या मतानं जायाचं हुतं." मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "आन पोराच्या देकत तुजं येकट्याचं खांड कशाला दावायचं?"

मानसिंग पाटासमोर खाली बसला. त्यानं खिशात हात घातला. शुक्रवारची उरलेली अख्खी सुपारी दोन दिवस त्याच्याजवळच होती. शर्ट बदलताना तो ती न चुकता या खिशातून त्या खिशात घालत होता. त्यानं ती काकीच्या हातावर ठेवली.

"घ्या. ही तुमची."

बनुबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. कीड लागली आहे का ते पाहावं तशी.

"नुस्ती आख्खी?"

"म्हंजे?"

"न्हाई म्हनायचं आसलं तर काय टाकू?"

मानसिंगनं पाटावरचं खांड, आपलंच, उचललं आणि अख्ख्या सुपारीशेजारी त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी मूठ मिटली.

"माजं झालं. मंगलचं आन क्रांतीचं?"

तो काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून अडकित्त्याचा आवाज आला. एकदा, आणि जरा थांबून पुन्हा एकदा. तो दार उघडून तिथवर गेला. मंगल ओट्याशी उभी होती. पुढ्यात दोन अख्ख्या सुपाऱ्या आणि दोन खांडं, जोड्या लावून ठेवलेली.

"तुला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"सांगायला कशाला हवं? समद्यांचं खिसं धुवायच्या आदी मीच रिकामं करते," मंगल म्हणाली. "ऋषीच्या खिशात शुक्रवारीच खांड घावलं. मला कुनी इचारलं न्हाई, मी बोलले न्हाई." आणि तिनं अडकित्ता पुसून डब्यात ठेवला. "जमिनीचा इषय कवा घ्यायचा म्हनता?"

आतून बनुबाईंनी आवाज दिला, जयराजला सांगा, आता चघळ म्हणावं. व्हरांड्यात खुर्ची करकरली, आणि दोन दिवसांनी त्या घरात कुणीतरी समाधानानं थुंकलं.